छुसॉकला मैत्रिणीच्या गावी जाऊ का? आमच्याकडे यंदा सण नाहीये

वाईची_देजॉनकर | २२ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी डिसेंबरात पोस्टडॉकसाठी कोरियात आले, देजॉनला असते. इथे आता छुसॉकची, म्हणजे कोरियन लोकांच्या सुगीच्या सणाची, मोठी सुट्टी येतेय, ३ ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिवस, ४ ला शनिवार, ५-६-७ छुसॉक, ८ ला बदली सुट्टी आणि ९ ला हांगुल लिपीचा दिवस, म्हणजे सलग सात दिवस. लॅबमधली एक सीनियर आहे, मी तिला ऑन्नी म्हणते (इथे मुली मोठ्या बहिणीला, मैत्रिणीला तसंच म्हणतात), तिने मला तिच्या आजीच्या गावी चल म्हणून सांगितलंय. नाजूच्या जवळ, दक्षिण जॉल्लात, पेअरच्या बागा आहेत त्यांच्या.

आता अडचण सांगते. मार्चमध्ये माझे बाबा गेले. मला तिकीट मिळून वाईला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, दहाव्याला तेवढी होते. त्यामुळे आमच्याकडे यंदा सण नाही, गणपतीसुद्धा चुलतकाकांकडे बसवला. आई म्हणते जा, एकटी खोलीत बसून काय करणार आहेस. दादाचं म्हणणं वर्ष होईपर्यंत कुणाच्या सणाला जाऊ नये, आणि मला त्याचंही पटतं कारण तिकडे सगळं तोच एकटा निभावतोय.

त्यात ऑन्नीने परवा सांगितलं की सकाळी उठून आधी पूर्वजांना जेवण मांडतात, नमस्कार करतात आणि मग घरचे जेवतात. मी एकदम गप्प झाले. म्हणजे हे आपलं सर्वपित्रीचं पान झालं ना? काल तर सर्वपित्री होती, दादाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मग नवे कपडे, भेटवस्तू, पत्त्यांचे डाव हे सगळं त्याच दिवशी कसं काय? हा सण आहे की श्राद्ध, मला नीट कळत नाहीये आणि ते कळल्याशिवाय हो म्हणावंसं वाटेना.

बाकी साधे प्रश्न: अंडं खाते, मासे-मटण नाही, उपाशी राहीन का? काय न्यायचं? मलाही वाकून नमस्कार करावा लागेल का? कुणी कोरियन घरात छुसॉक केलं असेल तर सांगा प्लीज.

सुवॉनची_सून | २२ सप्टेंबर २०२५

बाबांचं वाचून वाईट वाटलं गं. मी नऊ वर्षं इथे आहे, माझं सासर आन्दोंगजवळ आहे, म्हणजे अख्ख्या कोरियात पितरांच्या बाबतीत सगळ्यात कडक मुलूख, त्यामुळे मला जे माहितीये ते सविस्तर लिहिते.

तुझा प्रश्न बरोबर जागी लागलाय. सण आहे आणि पितरांचाही आहे, दोन्ही एकच. पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखीच गोंधळले होते कारण आपल्या डोक्यात मंगल आणि श्राद्ध हे दोन वेगळे कप्पे आहेत, पितृपक्षात आपण नवीन वस्तू घेत नाही, लग्नाची बोलणी करत नाही. इथे तसा कप्पाच नाही. नवं पीक आलं की ते पहिल्यांदा कुणाला दाखवायचं, तर ज्यांनी ते शेत आपल्याला दिलं त्यांना, एवढा साधा विचार आहे. त्यामुळे नवे कपडे घालून, पोरंटोरं घेऊन, हसतखेळत त्यांच्यापुढे जायचं. माझे सासरे ताट मांडताना वडलांना उद्देशून बोलतात, यंदा पाऊस कसा झाला, नातू कितवीत गेला वगैरे. कुणी रडत नाही.

त्या विधीला छारे म्हणतात. आदल्या दिवशी बायकांची कंबर मोडते हे आधीच सांगते, सकाळपासून खाली पेपर पसरून, समोर इलेक्ट्रिक तवा घेऊन चॉन तळत बसायचं, म्हणजे भाजीचे, माशाचे, मांसाचे काप पिठात मग अंड्यात बुडवून. यावरून इथे घराघरात भांडणं होतात, सणानंतर सुनांना जे दुखणं येतं त्याला वेगळा शब्दच आहे. २०२२ मध्ये सॉन्गग्युनग्वानने, म्हणजे कन्फ्युशियन परंपरेची सर्वात मानाची संस्था, त्यांनीच जाहीर केलं की छारेला तळलेलं ठेवायची गरज नाही, सहा ते नऊ पदार्थ पुष्कळ झाले. त्यानंतर आमच्याकडे चॉन निम्मे झाले, मी त्या लोकांची कायमची ऋणी आहे.

आता ऐक, तुला घरची आठवण येईल अशी गोष्ट. पितरांच्या पानात लसूण नाही, लाल तिखट नाही. सगळ्या जगात किमचीसाठी ओळखले जाणारे हे लोक, पण त्या दिवशी भाज्या नुसत्या मिठावर आणि तिळाच्या तेलावर. लाल रंगाने आत्मे पळतात म्हणतात. पीच हे फळही त्या पानावर चालत नाही, तेही त्याच कारणासाठी. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं मग आपल्यासारखंच की.

तुझ्या खाण्याचं. "कोगी आन मॉगॉयो" म्हणजे मांस खात नाही एवढंच बोललीस तर मासे, हॅम, सुकटीच्या पाण्यातलं सूप हे सगळं येईल, इथे ते कोगीत धरत नाहीत. म्हणून ऑन्नीलाच आजीला नीट सांगायला सांग. तुला काय मिळेल: तीन रंगांच्या भाज्या (कोसारी नावाच्या नेच्याचे कोवळे देठ, तोराजीचं पांढरं मूळ, आणि पालक), दुधी-काकडीच्या मधल्या कुठल्याशा भाजीचे चॉन जे फक्त अंड्यातले असतात, याक्क्वा म्हणजे मधात मुरवलेली तळलेली खुसखुशीत बिस्किटं, शिख्ये म्हणजे भाताचं गोड थंड पेय, फळं, आणि सोंगप्यॉन म्हणजे तांदळाच्या पिठात सारण भरून वाफवलेले मोदकासारखे गोळे. उपाशी राहणार नाहीस. नाजूच्या बाजूला आंबवलेल्या होंगॉ माशाचं फार कौतुक असतं, त्याचा वास अमोनियासारखा नाकात जातो, टेबलावर आला तर खिडकीजवळ बस.

नमस्काराची सक्ती कुणी करत नाही. करायचा असेल तर जिवंत माणसाला एकदा, गेलेल्यांना दोनदा वाकायचं. आणि जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस, तसा चमचा फक्त गेलेल्यांच्या भातात खोचतात.

मुख्य मुद्दा, तू जाण्याआधी ऑन्नीला सांग की वडील मार्चमध्ये गेले आणि आमच्यात वर्ष पाळतात. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. काही जुन्या घरांत ज्यांच्याकडे नुकतं कुणी गेलंय त्यांनी दुसऱ्याच्या छारेत उभं राहू नये असं मानतात, काही घरांत काहीच नसतं. आजी सांगेल ते ऐक.

उल्सानचा_पाटील | २३ सप्टेंबर २०२५

ताई मी उल्सानला जहाजबांधणीत आहे, पाच वर्षं झाली. सूनताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी व्यवहाराचं बोलतो. देजॉन ते नाजू एरवी अडीच तास असेल तर पाच धरा, ज्या दिवशी निघाल त्या दिवशी अख्खा देश निघालेला असतो. केटीएक्सची (वेगवान रेल्वेची) तिकिटं आता विसरा, ती बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत जातात. गाडी असेल तर एक बरं, छुसॉकच्या दिवसांत हायवेचा टोल माफ असतो.

न्यायला फळांचा खोका सगळ्यात उत्तम पण त्यांचीच पेअरची बाग असेल तर पेअर नेऊ नका. इथे सुपरमार्केटला दारातच गिफ्टचे डोंगर लावलेले असतात, स्पॅमचे (डबाबंद मांसाचे) डबे, तेलाच्या बाटल्या, ट्यूना, शॅम्पूचे सेट, हे सगळं इथे खरोखर आनंदाने देतात-घेतात, कमीपणा काही नाही. मी यंदा आमच्या फोरमनना तेलाचा सेट दिला. तुम्ही घरून आलेलं केशर, काजू असलं काही असेल तर तेही न्या. देताना दोन्ही हातांनी.

माझं पहिलं छुसॉक डॉर्मिटरीत एकट्याने गेलं. मेस बंद, आवारात चिटपाखरू नाही, तीन दिवस कन्व्हिनियन्स स्टोअरचा किम्बाप (शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भात) खाल्ला. तिसऱ्या दिवशी बस पकडून ग्यॉन्गजूला गेलो, तासाभरावर आहे. तिथे सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या राजांच्या समाध्या आहेत, गावाच्या मधोमध गवताचे गोल गोल डोंगर, चांगले घराएवढे. आणि लोक पोरांना घेऊन तिथे फिरत होते. नंतर वाचलं की हा सण तिथलाच, साम्गुक सागी या त्यांच्या जुन्या ग्रंथात लिहिलंय की इ. स. ३२ मध्ये युरी राजाने शहरातल्या बायकांचे दोन गट करून महिनाभर विणकामाची शर्यत लावली, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला निकाल, हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवण द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून नाचायचं गायचं. ज्यांना कुणी बोलावलेलं नाही त्यांनी खोलीत बसू नका एवढंच सांगेन, सोलला असाल तर राजवाडे त्या दिवसांत फुकट असतात, सोलजवळच्या आन्सानच्या परदेशी लोकांच्या गल्लीत दुकानं उघडी असतात. पण तुम्हाला घरात बोलावलंय ताई. माझ्या मते जा.

खाचरातला_माणूस | २३ सप्टेंबर २०२५

मुली, मी दापोलीचा, कोरिया बघितलेला नाही, पण तुझं वाचून राहवलं नाही. यंदा ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी आहे आणि कोकणात त्याच आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडूचं फूल असं बांधून ते नवं दाराला लावायचं, नांगराला लावायचं, देवाला दाखवायचं, आणि नव्या तांदळाचा भात त्या दिवशी पहिल्यांदा पानात. म्हणजे तिकडे आणि इकडे एकाच चंद्राखाली एकच काम चाललंय. एक विचारायचं होतं, त्यांचा हा सण दरवर्षी कोजागिरीलाच येतो का?

सुवॉनची_सून | २३ सप्टेंबर २०२५

नाही काका, बहुतेक वेळा भाद्रपदातच येतो. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला होता, त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी होती, आणि उकाडा तर असा की मे महिना वाटावा. त्यांचाही महिना चंद्राचाच, त्यांनाही अधिक महिना घालावा लागतो, फक्त त्यांचा यंदा आला, सहावा महिना दोनदा, आणि आपला अधिक पुढच्या वर्षी ज्येष्ठात आहे. म्हणून यंदा छुसॉक एक महिना पुढे सरकून कोजागिरीवर आलं. पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला, परत अनंत चतुर्दशीला. एरवी आपला पितृपक्ष सुरू होतो त्या पौर्णिमेलाच हे लोक पितरांना जेवू घालतात, मला ते फार जवळचं वाटतं.

घाटावरची | २४ सप्टेंबर २०२५

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. वर्ष पाळणं म्हणजे नुसती रूढी नाही, घरात एक माणूस कमी झालंय हे वर्षभर सगळ्यांनी मिळून लक्षात ठेवणं आहे. माझे सासरे गेले त्या वर्षी दिवाळीत आमच्या दारात एकच पणती होती आणि ती पणती मला अजून दिसते. दादा तिकडे एकटा सगळं करतोय असं तूच लिहिलंयस, त्याला न विचारता गेलीस तर त्याला लागेल. जायचं तर त्याच्याशी बोलून जा, आणि विधीत उभी राहू नकोस, तो त्यांच्या घरचा आहे.

वाईची_देजॉनकर | २४ सप्टेंबर २०२५

घाटावरची ताई, राग कसला, हे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. रात्री दादाला फोन केला, तासभर बोललो, मार्चनंतर पहिल्यांदाच इतकं. मी त्याला सूनताईंचं सगळं वाचून दाखवलं, लसूण-तिखटाचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पितरांचंच पान आहे तर जा, पण गोडधोड सणासारखं करू नकोस. ऑन्नीलाही सांगितलं. तिने आजीला फोन लावला, आजीचं उत्तर आलं की छारेच्या वेळी स्वयंपाकघरात बसू दे, नंतर जेवायला आमच्यात.

वाईची_देजॉनकर | १० ऑक्टोबर २०२५

जाऊन आले. सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून नीट सांगते.

४ तारखेला निघालो, पाटीलदादा म्हणाले तसे पाच तासच लागले, रेस्ट एरियात बाथरूमची रांग पार्किंगपर्यंत आलेली. आजी ऐंशीच्या पुढच्या, कमरेत पूर्ण वाकलेल्या, पण दिवसभर खाली उकिडव्या बसून काहीतरी निवडत असतात. मी तेलाचा सेट आणि आईने पाठवलेले काजू दिले. काजू त्यांनी लगेच एका वाडग्यात काढून बाजूला ठेवले, नंतर बघितलं तर ते पितरांच्या टेबलावर खजुरासारख्या त्यांच्या लाल बोरांच्या शेजारी होते.

५ ला सोंगप्यॉन केले. मला वाटलं होतं मोदक येतात म्हणजे हे सोपं. तांदूळ भिजवून गिरणीतून ओलाच दळून आणलेला, त्यात रॅमी नावाच्या झाडाची पानं दळलेली, त्यामुळे पीठ गर्द हिरवं. पण ही उकड नाही, नुसतं कढत पाणी घालून मळायचं, त्यामुळे मोदकासारखी पातळ पारी करायला गेले की चिरत होतं. तीनदा फाटल्यावर आजींनी माझा हात धरला, गोळा तळहातात ठेवून अंगठ्याने खड्डा केला, त्यात सारण भरलं, मिटलं आणि मुठीत दोनदा घट्ट दाबलं. त्यांच्या मुठीत इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. सारण काय, तर चवळी! उकडून ठेचलेली चवळी, थोडं मीठ, थोडी साखर. आकार अर्ध्या चंद्राचा, करंजीसारखा. मी विचारलं सण पौर्णिमेचा मग चंद्र अर्धा का, तर ऑन्नी म्हणाली भरलेला चंद्र दुसऱ्या दिवसापासून कमी होत जातो, अर्धा वाढत जातो म्हणून.

मग अळकुड्या आल्या. छुसॉकला त्यांचं सूप करतात, त्यांच्या भाषेत अळकुडीला मातीतलं अंडं म्हणतात. ऑन्नी रबरी मोजे शोधत होती, मी म्हटलं मला द्या, मला माहितीये खाज येते ते. बाबांना अळकुड्या फार आवडायच्या, आई मोठ्या पातेल्यात उकडायची आणि ते गरम गरम सोलत, बोटं फुंकत, सगळ्यांच्या आधी खायचे. मी सोलत होते आणि रडू यायला लागलं. आजींना ऑन्नीने सांगितलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत, टोपली माझ्याकडे सरकवली आणि समोर बसून त्याही सोलायला लागल्या. माझ्यासाठी सूप त्यांनी वेगळ्या भांड्यात केलं, मटणाच्या पाण्याऐवजी तिळासारख्या एका बीचं कूट घालून.

६ ला सकाळी रिमझिम होती. आजींनी पावसातही बाहेरचा दरवाजा सताड उघडला. मी ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात, पण मधलं दार उघडंच होतं. भाताच्या जागी आमचे कालचे सोंगप्यॉन, त्यावर चॉपस्टिक ठेवल्या, दारू ओतली, सगळे दोनदा वाकले. ऑन्नीचा लहान भाचा वाकताना पालथाच पडला आणि सगळे हसले, पितरांसमोर, मोठ्याने. सूनताई, तुम्ही सांगितलेलं मला त्या क्षणी समजलं. मी आतच उभी राहून हात जोडले, दादाला तेवढं चालेल असं वाटलं.

जेवताना होंगॉ आला, मी खिडकीजवळच बसले होते. दुपारी टेकडीवर त्यांच्या आजोबांच्या समाधीला गेलो. गोल हिरवा उंचवटा, गवत नुकतंच कापलेलं, काकांनी आधीच येऊन बॉल्चो केली होती, म्हणजे गवत काढणी. त्यांनी सभोवती दारू शिंपडली आणि तिथेच चटई टाकून पेअर कापले. घराजवळ पर्सिमनचं झाड आहे, फळं अजून कच्ची होती. आजी म्हणाल्या उतरवताना शेंड्याची दोन-तीन ठेवायची, ती मॅगपायची. मॅगपाय म्हणजे कावळ्याच्याच कुळातला काळा-पांढरा पक्षी. मी त्यांना मोबाईलवर दादाने घातलेल्या सर्वपित्रीच्या पानाचा फोटो दाखवला, कौलावर कावळा बसलेला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, कावळा नाही, पान. एकेक पदार्थ विचारला, हे काय, ते काय. वड्यांपाशी थांबल्या, म्हटलं अळूची, कालच्या अळकुडीचंच पान. त्यावर त्या इतका वेळ मान हलवत राहिल्या.

चंद्र रात्री दहाच्या सुमाराला ढगांतून थोडा वेळ दिसला. वाईला तेव्हा साडेसहा, दादाला फोन केला तर म्हणाला इथेही आत्ताच उगवतोय, यंदा दूध आटवलं नाही. मी त्याला अळकुड्यांचं सांगितलं.

निघताना आजींनी दोन किलोचा तरी डबा दिला, माझ्या वेड्यावाकड्या सोंगप्यॉनसकट. फ्रीझरमध्ये ठेवलेत. पण काल दोन मायक्रोवेव्ह केले तर दगड झाले. सूनताई, कसे गरम करायचे?

सुवॉनची_सून | १० ऑक्टोबर २०२५

मायक्रोवेव्ह नको गं. बाहेर काढून मऊ व्हायची वाट बघू नकोस, गोठलेलेच चाळणीत फडकं घालून ठेव आणि मोदकासारखी पंधरा मिनिटं वाफ दे. काढल्यावर तिळाच्या तेलाचा हात फिरव, नाहीतर एकमेकांना चिकटतात. आणि आजींना फोन करून सांग खाल्ले म्हणून, त्या वाट बघत असतील.